एक्केचाळीस सेकंदांचं टिपण

थरमापकाच्या पडद्यावर आकडा स्थिरावला, आणि डॉ. सायली वळंजूंनी चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला. काचा स्वच्छच होत्या. काय बोलावं हे सुचलं नाही की मॅडम चष्मा पुसतात, हे त्यांच्याबरोबर सहा वर्षं काम केलेल्या डॉ. इम्तियाज मुजावरला ठाऊक होतं.

"किती?" त्यानं विचारलं.

"चार हजार एकशे बारा."

"एकाच आठवणीला?"

"एकाच."

काचेपलीकडच्या खुर्चीत दिगंबर आडनाईक डोक्यावर थरमापकाचा टोप चढवून ताठ बसले होते. वय सहासष्ट, गाव गडहिंग्लज, नोकरी आयुष्यभर जमीनमोजणीची. शेजारी त्यांच्या पत्नी विजयमाला मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. पिशवीत दशम्या होत्या. पुण्यातल्या संशोधन केंद्रात जेवायला काय मिळत असेल, यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"काय मॅडम, हद्द गावली का?" आडनाईकांनी आतून विचारलं.

ते आपल्या प्रकरणाला 'हद्दीचा वाद' म्हणत. वादी ते स्वतः, प्रतिवादी त्यांची बायको. वाद असा, की सव्वाचार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा ओजस चंद्रावर जायला घरून निघाला. तोही मोजणीदारच, पण बापासारखा बांधाबांधानं फिरणारा नव्हे. चंद्रावर खाणींसाठी जमिनीचे तुकडे पाडायचे होते आणि त्या तुकड्यांच्या हद्दी आखायला माणसं हवी होती. बापाला ते पसंत नव्हतं. "जिथं शेजारीच न्हाई तिथं हद्द कशाला लागते?" असं त्यांनी महिनाभर ऐकवलं. शेवटी गाडी दारात आली. फाटकाशी ओजस पाया पडायला वाकला तेव्हा आडनाईक म्हणाले, "जातोयस न्हवं? मग तिथंच ऱ्हा आता."

हे आडनाईकांचं म्हणणं. विजयमालाबाईंचं म्हणणं, ते असलं काही बोललेच नाहीत.

चौदा महिन्यांनी एका विवराच्या काठावर ओजसची गाडी उलटली. परत आणणं शक्य नव्हतं. सहकाऱ्यांनी त्याला तिथंच पुरलं.

दारात अभद्र बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. आडनाईकांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आयुष्यात शेकडो घरांच्या भिंती त्यांनी मोजल्या होत्या आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटलेला ऐकला नव्हता. पण विश्वास नसला म्हणून झोप लागते असं नाही. तीन वर्षं हा माणूस स्वतःला मुलाचा खुनी समजत होता, आणि बायको समजूत घालायला गेली की म्हणत होता, तू खोटं बोलतेस.

"काका, ही आठवण तुम्ही चार हजार एकशे बारा वेळा काढली आहे," वळंजू मुजावरसह आत येऊन म्हणाल्या.

आडनाईकांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे तो गेल्यापासनं दिवसाला साडेतीनच्या वर. बरोबर हाय मोजमाप. मग एवढी उजळणी झालीय म्हटल्यावर पक्की असंल की."

"तिथंच तर गोम आहे," मुजावर म्हणाला. "आठवण म्हणजे कपाटातला कागद नव्हे. ती बाहेर काढली की मऊ पडते. परत आत जाताना नव्यानं घट्ट होते. मधल्या वेळात मनात राग असेल तर राग, अपराधीपणा असेल तर अपराधीपणा, जे काही असेल ते तिला चिकटतं. आणि दर वेळी तिच्यावर प्रथिनाचा एक अतिसूक्ष्म थर चढतो. त्याला आम्ही स्मरणथर म्हणतो. हे यंत्र ते थर मोजतं."

आडनाईकांनी टोप सावरला. समोरच्याचं गणित आपल्या भाषेत मांडून बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "आमच्यात मूळ मोजणीचा जो कागद असतो त्याला टिपण म्हणतात. पन्नास वर्षांनी भावाभावांत भांडण लागलं तर आम्ही बांधावर विश्वास ठेवत न्हाई. बांध दरसाल वीतभर सरकतो. आम्ही टिपण काढतो. तुम्ही काय सांगताय, की मेंदू टिपण बाहेर काढतो, त्याची नक्कल करतो, मूळ कागद फाडतो आणि नक्कलच कपाटात ठेवतो?"

"अगदी तसंच."

"आणि पुढच्या वेळी नकलेची नक्कल?"

"तुम्ही आता चार हजार एकशे बाराव्या नकलेवर आहात."

"आमच्याकडं असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसला असता," आडनाईक म्हणाले. त्यांना खरोखर राग आला होता, मेंदूचा.

विजयमालाबाई इतका वेळ ऐकत होत्या. "म्हंजे रोज घासलं की भांडं लख्ख होतंय, पण त्यावरचं नाव जातंय," त्या म्हणाल्या. वळंजूंनी ते वाक्य तिथल्या तिथं वहीत उतरवून घेतलं. पाच वर्षं त्या विद्यार्थ्यांना हेच समजावत होत्या आणि इतक्या कमी शब्दांत त्यांना जमलं नव्हतं.

आडनाईकांना मात्र पुरावा हवा होता. त्यांनी एक वही आणली होती. ओजस गेल्यावर त्यांनी त्याचं सगळं आयुष्य तीत उतरवलं होतं, गट नंबर द्यावेत तसे नंबर देऊन. एकूण दोनशे बारा नोंदी. पाचव्या वर्षी त्यानं आईच्या शिवणाच्या टेपनं अंगण मोजलं आणि "पप्पा, शेताची हद्द जमिनीच्या आत किती खोल जाते?" असं विचारलं, ती नोंद चार. वडिलांना तोवर हा प्रश्न पडला नव्हता आणि नंतर कधी सुटला नाही. दहावीत गणितात नापास झाल्याची खोटी बातमी देऊन त्यानं घर हादरवलं आणि मग गुणपत्रिका काढली, ती नोंद एकशे दोन. एक एप्रिलला निकाल लागत नाहीत हे घाबरलेल्या आईबापांच्या ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या पगारातून त्यानं आईला कुकर आणला आणि बापाला काहीच आणलं नाही. वर म्हणाला, "तुम्हाला काय आणू? तुम्हाला तर सगळंच दीड फूट कमी वाटतं." ही नोंद एकशे एकसष्ट, आणि ती लिहिताना आडनाईक एकटेच हसले होते.

"नोंद नऊ घ्या," वळंजू म्हणाल्या. "हिच्यावर दोन हजार सहाशे थर आहेत. काय आठवतं?"

"सात वर्षांचा होता. नेसरीच्या शिवारात मोजणी होती. अनवाणी आला माझ्यामागनं. निशाणाची काठी पहिल्यांदा त्याच्या हातात दिली, मी. मागनं धरली होती दोन्ही हातांनी."

विजयमालाबाईंनी फोनमधून एक जुनी चित्रफीत पाठवली होती. ती मुजावरनं पडद्यावर लावली. शिवार नेसरीचंच होतं. पोराच्या पायात निळे बूट होते. आणि त्याच्यामागं काठी धरून उभा असलेला माणूस आडनाईक नव्हते, त्यांचे सहकारी होते. आडनाईक लांब झाडाखाली पाटीवर काहीतरी लिहीत बसले होते, पाठमोरे.

त्यांनी ती चित्रफीत तीनदा बघितली.

"चांगली होती ओ ती नोंद," शेवटी ते म्हणाले.

"चांगली होती म्हणूनच इतकी बदलली," वळंजू म्हणाल्या. "ज्याच्यावर जास्त जीव, ते जास्त वेळा काढलं जातं. जास्त वेळा काढलं की जास्त बदलतं. याला औषध नाही."

"मग ते फाटकाशी बोललो तेही..."

"तेवढं अजून सांगता येत नाही. बदललंय हे नक्की. पण किती बदललं? शब्द बदलले, की फक्त आवाज चढला? ते बघायला सगळ्यात आतल्या थरापर्यंत जावं लागेल."

त्यावरून काचेबाहेर येताच दोघा शास्त्रज्ञांत जुंपली. मुजावरचं म्हणणं, आतला थर मोजून हाती काही लागणार नाही, कारण थरात काय आहे ते यंत्राला वाचता येत नाही. वळंजूंचं म्हणणं, वाचता येत नसलं तरी त्याचं वय काढता येतं. सगळ्यात आतला, तळाचा थर आठवण घडते तेव्हाच बनतो, तो स्मरणथरांत धरत नाहीत; आणि त्यातलं प्रथिन ठरावीक वेगानं जुनं होत जातं, चूक फार तर दोन आठवड्यांची. मुजावर म्हणाला, वय तर माहीतच आहे, सव्वाचार वर्षं, मग ते काढून काय मिळणार? वळंजू म्हणाल्या, माहीत असलेली गोष्ट मोजून बघितल्यावर काय मिळतं ते मोजणीदाराला विचार.

"मोजूया," आडनाईक आतून म्हणाले. त्यांना काचेतूनही सगळं ऐकू येत होतं.

मोजणीला दोन तास लागले. तेवढ्यात दशम्या आणि लसणाची चटणी चौघांनी मिळून संपवली. आडनाईक जेवताना एक गोष्ट म्हणाले, सहज. ओजस चंद्रावर असताना दर रविवारी बोलायचा. प्रश्न विचारला की उत्तर यायला अडीच सेकंद लागायचे, आणि तेवढ्या वेळात विजयमाला दुसरा प्रश्न विचारून मोकळी व्हायची. चौदा महिन्यांत साठेक रविवार झाले.

"त्या साठ रविवारांत फाटकावरच्या बोलण्याचा विषय निघाला?" मुजावरनं विचारलं.

"न्हाई. पोरगं मोठ्या मनाचं. त्यानं काढला न्हाई."

"तुम्ही?"

आडनाईकांचा घास हातात राहिला. "मीबी न्हाई," ते म्हणाले. "का काढला न्हाई कुणास ठाऊक."

दुपारी तीनच्या सुमारास पडद्यावर वय आलं. वळंजूंनी या वेळी चष्मा पुसला नाही. त्यांनी मोजणी पुन्हा लावली, आणखी वीस मिनिटं थांबल्या, आणि मगच आत आल्या.

"काका, तुमच्या या आठवणीचा सगळ्यात आतला थर तीन वर्षं आणि एक महिन्यापूर्वीचा आहे."

"सव्वाचार म्हणायचंय तुम्हाला."

"नाही. सव्वाचार वर्षांपूर्वी ही आठवण नव्हतीच. ओजस निघाला त्या दिवशीचा थर तिच्यात नाही. त्यानंतरच्या चौदा महिन्यांतला एकही थर नाही. ती तयार झाली तीच तो गेल्यावर. पंधरा दिवसांच्या आत."

कोरड्या, कामाच्या आवाजात आडनाईक म्हणाले, "म्हणजे मूळ टिपणच न्हाई. नुसत्या नकलाच."

"हो."

"असं कसं हुईल? मला ऐकू येतं की माझं मलाच. 'तिथंच ऱ्हा.' आवाज येतो."

"ते शब्द त्या पंधरा दिवसांत तुम्ही कुठं ऐकले होते का?" वळंजूंनी विचारलं. "कुणाच्याही तोंडून?"

उत्तर विजयमालाबाईंनी दिलं. "हौसाक्का," त्या म्हणाल्या.

हौसाक्का म्हणजे आडनाईकांची थोरली बहीण. दहाव्याला हिरण्यकेशीच्या घाटावर सगळे जमले होते. अस्थी नव्हत्या, नदीत सोडायला काही नव्हतं, आणि कुणालाच हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. तेव्हा आक्का भावाच्या गळ्यात पडून म्हणाली होती, "पोरगं तिथंच ऱ्हायलं रं दिगू. तिथंच ऱ्हायलं."

"तिथंच ऱ्हायलं," आडनाईक हळू म्हणाले. "तिथंच ऱ्हा." दोन्ही त्यांनी पुन्हा एकदा म्हणून बघितलं.

मग आडनाईकांतला मोजणीदार जागा झाला, आणि पुढचं स्पष्टीकरण शास्त्रज्ञांना द्यावं लागलं नाही. त्यांनी टेबलावरचा कागद ओढला आणि त्यावर दोन ठिपके काढले.

"हा एक बिंदू. फाटकाशी उभा हाय मी, ओजस समोर, बॅग खांद्याला. हे पक्कं. हा दुसरा बिंदू. गाडी सुरू झालेली मला ऐकू आली तेव्हा मी आत होतो, पाण्याच्या माठापाशी. हेबी पक्कं. पोरगं चंद्रावर निघालंय आणि बाप गाडी हलायच्या आधीच आत गेला. का गेला? मधली रेघ न्हाई. जुन्या नकाशात मधली खूण गावली न्हाई की मोजणीदार अंदाजानं तुटक रेघ मारायचे. तुटक म्हणजे खात्री न्हाई. पुढं नक्कल करणारा घाईत असला की तीच रेघ सलग ओढायचा. झालं. त्या रेघेवरनं माणसं कोर्टात गेलीत, मी बघितलीत." त्यांनी दोन ठिपके तुटक रेघेनं जोडले आणि मग तीच रेघ दाबून सलग केली. "ही माझीच चूक. मी आत का गेलो हे मला सांगता येईना, म्हणून मी भांडण घातलं मधे. शब्द आक्काचे घेतले."

"तीन वर्षं सांगतेय मी," विजयमालाबाई म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून रडू लागल्या. आडनाईकांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांना स्वतःला रडू येत नव्हतं. इतक्या दिवसांचं ओझं उतरलं की माणसाला आधी हलकं वाटत नाही, रिकामं वाटतं.

मुजावर तेवढ्यात परत यंत्रापाशी गेला होता. तो आला तो जवळजवळ पळतच.

"मॅडम, मधली जागा रिकामी नाही."

झालं होतं असं. थरमापकाला आठवण उठवायची गरज नसते. झोपलेल्या माणसाच्या खोलीत दिवा न लावता डोकावावं तसा तो तिच्या आसपास चाहूल देतो. ती हलते, पण जागी होत नाही. मुजावरनं फाटक आणि माठ या दोन बिंदूंच्या मधे चाहूल दिली होती, आणि तिथं काहीतरी हललं होतं. वय सव्वाचार वर्षं. लांबी एक्केचाळीस सेकंद. स्मरणथर शून्य.

"शून्य म्हणजे?" आडनाईकांनी विचारलं.

"म्हणजे ती तयार झाली आणि तुम्ही तिला एकदाही हात लावला नाहीत. चौदा महिने लावला नाहीत, कारण..."

"कारण पोरगं दर रविवारी दिसत होतं," आडनाईक म्हणाले. "जित्या माणसाची आठवण कोण काढत बसतंय?"

"आणि त्यानंतर तुम्ही जितक्या वेळा फाटकाकडे वळलात, तितक्या वेळा ते भांडण पुढं आलं. हिची पाळीच आली नाही. काका, सहा वर्षांत आम्ही शून्यथर आठवणी पाहिल्या त्या एक-दोन सेकंदांच्या. एक्केचाळीस सेकंदांची जगात कुणी पाहिलेली नसेल. ते भांडण खोटं होतं, पण त्यानंच हिला जपलं."

आता प्रश्न काय आहे तो चौघांनाही दिसत होता.

वळंजूंनी तो बोलून दाखवला. "आम्ही ती जागवू शकतो. त्याला जागवणी म्हणतात. एक्केचाळीस सेकंद तुम्ही तिथं असाल, जसं घडलं तसं. पण जागवली की थर चढणार. शून्याचा एक होईल, आणि तो परत शून्य होणार नाही. पहिली जागवणी जवळजवळ मूळ बरहुकूम असते. त्यानंतर तुम्ही ती जितक्या वेळा काढाल तितकी ती तुमची होत जाईल आणि त्याची कमी होत जाईल."

"माझं मत विचाराल तर राहू द्या," मुजावर म्हणाला. "तुम्ही बोलला नव्हतात हे सिद्ध झालं. वाद मिटला."

आडनाईकांनी मान हलवली. हे त्यांच्या रक्तातलंच होतं. वाद नसताना मूळ टिपण बाहेर काढत नाहीत, कागद विटतो. त्यांच्या डोक्यात मुलाची दोनशे बारा नोंदींची इस्टेट होती आणि सकाळपासून कळलं होतं ते एवढंच, की तीत मुलगा किती आणि बाप किती हे आता कुणालाच सांगता येणार नाही. फक्त या एक्केचाळीस सेकंदांत ओजस सगळा ओजसच होता. तो तिथं आहे एवढं ठाऊक असणं पुरे नव्हतं का?

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले.

"मला ऐकायचंय," विजयमालाबाई म्हणाल्या.

"अगं, पण..."

"तुम्हाला फाटक तरी हाय ओ. मी आत होते. त्याला डबा बांधत होते आणि झाकण बसंना म्हणून झाकणाशी झटत होते. बाहेर आले तवर गाडी कोपऱ्यावर. माझ्याकडं त्या दिवसाचं एक झाकण हाय नुसतं."

आडनाईक त्यांच्याकडं वळले. "तू आत होतीस तर मी बोललो न्हाई हे तुला कशावरनं ठाऊक? तीन वर्षं भांडलीस माझ्याशी."

"तुम्हाला ओळखते म्हणून."

जागवणी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला ठरली. आडनाईकांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. मुजावरनं सांगितलं की दिसेल ते मोठ्यानं बोलत राहा. कागदावर शब्द तरी उतरतील, पोरगा उतरणार नाही. विजयमालाबाई स्टूल ओढून गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. वळंजूंनी कळ दाबली.

"फाटक," आडनाईक म्हणाले. डोळे मिटलेले होते. "ऊन हाय. निळा शर्ट, घाम आलाय काखेत. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी होतीय." ते थांबले. "केस विरळ झालेत की गं त्याचे. पुढनं. मी विसरलोच होतो. मी रोज त्याला केसांसकट बघत होतो." मग त्यांचा आवाज बदलला, हलका झाला, आणि पुढची वाक्यं दोन माणसांची होती. "पप्पा, तुम्ही आत जावा. का रं? तुम्ही हितं उभं असला तर माझा पाय निघायचा न्हाई. नाक पुसलं त्यानं, बाहीला, बारकं असताना पुसायचा तसं. आत जावा, मी गेल्यावर बाहेर या. बरं. मी वळलो. माठ."

यंत्र थांबलं. आडनाईकांनी डोळे उघडले आणि मग ते रडले, तीन वर्षांत पहिल्यांदा, टोप डोक्यावर असतानाच, आवाज करून. मुजावरला टोपातल्या तारांची काळजी वाटली पण तो काही बोलला नाही.

"बरं म्हणालासा?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"बरं म्हणालो."

"वाद न घालता?"

"न घालता."

"जन्मात पहिल्यांदा," त्या म्हणाल्या, आणि रडता रडता हसू लागल्या. त्यांना मुलाची शेवटची गोष्ट मिळाली होती. तो त्यांच्या डोळ्यांसमोर उभा होता, कपाळ मोठं झालेला, बाहीला नाक पुसणारा.

निघताना वळंजूंनी दोघांना बसवून सांगितलं. थर एक. ही आठवण कमीत कमी काढा. वर्षातून एकदा काढलीत तर तुमच्या हयातीत ती बरीचशी शाबूत राहील.

"आणि मधे मन तिकडं गेलं तर?" आडनाईकांनी विचारलं. "ते काय मला विचारून जातंय?"

वळंजूंनी विचार केला. "तर ते जुनं भांडण काढा. त्याची वाट तुमच्या मेंदूत मळलेली आहे. ते आपणहून पुढं येईल. ते कितीही झिजलं तरी बिघडत नाही."

असा सल्ला त्यांनी आजवर कुणाला दिला नव्हता, पण नियमाला धरून होता.

आडनाईकांनी तो वर्षभर काटेकोर पाळला. मन फाटकाकडे निघालं की ते "तिथंच ऱ्हा" काढायचे. आता ते बोचत नव्हतं. उलट दिवसेंदिवस ते भांडण रंगत चाललं होतं. तीन महिन्यांनी त्यात ओजस उलट बोलायला लागला, सहा महिन्यांनी हौसाक्का मधे पडायला लागली, आणि श्रावणाच्या सुमारास त्यात शेजारचे दोघे साक्षीदार म्हणून हजर झाले. आडनाईक ते बायकोला रंगवून सांगत आणि विजयमालाबाई म्हणत, "आज काय काय बोललासा खोटं?" लोकांना वाटे, म्हातारा-म्हातारीला वेड लागलं.

आणि खऱ्याला त्यांनी बोट लावलं नाही. जागवणीला वर्ष झालं त्या दिवशी सकाळी साडेदहाला दोघं पडवीत समोरासमोर बसले. विजयमालाबाईंनी चहा बाजूला ठेवला. आडनाईकांनी डोळे मिटले.

"फाटक. ऊन हाय. निळा शर्ट. कुकरची शिट्टी. केस विरळ झालेत पुढनं." ते सावकाश, एकेक पाऊल मोजत चालले होते. "पप्पा, तुम्ही आत जावा. का रं? तुम्ही हितं उभं असला तर माझा पाय निघायचा न्हाई. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला..."

"हात?" विजयमालाबाई म्हणाल्या. "गेल्या साली हात नव्हता."

आडनाईक थांबले. डोळे मिटलेलेच होते. गेल्या वर्षी आपण काय बोललो होतो ते त्यांना शब्दन् शब्द ठाऊक होतं, आणि आत्ता खांद्यावर जे वजन होतं तेही तितकंच स्पष्ट होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे सरकलेले बांध वीतभरसुद्धा मान्य केले नव्हते.

"नव्हता," ते म्हणाले. "पण आता हाय."

विजयमालाबाई जरा पुढं सरकल्या. मग त्यांनी विचारलं, "कुठल्या खांद्यावर?"

"डाव्या."